न लढलेली स्वारी

आपल्या मराठीत फितुरीला शब्द फार. फितूर, घरभेदी, दुतोंड्या, दगलबाज, दुटप्पी, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. आणि या सगळ्यांवर शेलके म्हणून सूर्याजी पिसाळाचे नाव, ते तर आता शिवी म्हणूनच वापरात आहे. शब्दांची ही श्रीमंती काही भूषणावह नव्हे. ज्या गोष्टीशी समाजाची वरचेवर गाठ पडते, तिलाच भाषा इतकी नावे ठेवते. मात्र मराठी शिकवता शिकवता माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे शब्द आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. फितूर नेहमी दुसऱ्या गावचा, दुसऱ्या घराण्याचा. आपल्याच मुलखातल्या एखाद्या थोर नावाशी हा शब्द जोडायची वेळ आली की आपली जीभ अडखळते, आणि 'फितुरी'च्या जागी हळूच 'मुत्सद्देगिरी' येऊन बसते.

मी गोरेगावात राहतो. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे हे तालुक्याचे गाव. सभोवार धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी आम्ही भंडाऱ्यात होतो. आणि इंग्रजांपूर्वी हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. आमच्याकडे भोसल्यांविषयी अजून जिव्हाळा आहे. पेशवे पुण्याचे, शिंदे उज्जैन-ग्वाल्हेरचे. पण भोसले आमचे. तेव्हा आज त्यांच्यापैकी एकाची जी कथा सांगणार आहे, ती सांगताना मलाही जड जाते आहे, हे वाचकांनी समजून घ्यावे.

निमित्त झाले ते चीनमधल्या एका सेनापतीचे. क्वो रूग्वे त्याचे नाव. जन्म १९०७ चा. चीनमध्ये चँग कै-शेकचे राष्ट्रवादी सरकार आणि माओचे कम्युनिस्ट यांची यादवी पेटली होती, तेव्हा हा गृहस्थ राष्ट्रवादी सरकारच्या संरक्षण खात्यात लढाईच्या योजना आखणाऱ्या कचेरीचा प्रमुख होता. आणि त्याच योजना गुपचूप शत्रूच्या हाती पोचवीत होता. १९४८ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन १९४९ च्या जानेवारीत संपलेल्या ह्वायहायच्या प्रचंड रणसंग्रामात राष्ट्रवाद्यांचे कंबरडे मोडले. त्यांच्या एका सरदाराला क्वोचा संशय आलाही होता, पण त्याचे कोणी ऐकले नाही. १९४९ च्या डिसेंबरात क्वो आपल्या फौजेनिशी उघड उघड पलीकडे गेला. दुसरा सेनापती वू शी. तो तैवानात राष्ट्रवाद्यांच्या सेनेचा उपप्रमुख असून कम्युनिस्टांना बातम्या पुरवीत होता. तो पकडला गेला आणि १० जून १९५० रोजी तैपेईत त्याला गोळी घालण्यात आली. एक नव्वदीपर्यंत जगून १९९७ साली गेला, दुसरा मैदानात मेला. एका किनाऱ्यावर दोघेही हुतात्मे, दुसऱ्या किनाऱ्यावर दोघेही फितूर!

ही हकीकत वर्गात सहज बोलता बोलता सांगितली आणि ओघात म्हणालो, "असला एक सेनापती आपल्या नागपुरातही होऊन गेला." मुलांनी नाव विचारले. मी मुधोजी भोसल्यांचे नाव घेतले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग मुधोजी भोसले आपले की त्यांचे?" प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते.

मुधोजी म्हणजे पहिल्या रघूजीचा मुलगा. रघूजी भोसल्याने बंगालवर स्वाऱ्या केल्या, नबाब अलिवर्दीखानाला जेरीस आणले आणि १७५१ च्या तहाने ओरिसा आणि बंगालची सालिना बारा लाख रुपये चौथ पदरात पाडून घेतली. १७५५ साली तो वारला. थोरला मुलगा जानोजी गादीवर आला. त्याला पुत्र नव्हता, म्हणून त्याने मुधोजीचा मुलगा रघूजी यालाच दत्तक घेतले. १७७२ साली जानोजी मरण पावला आणि मुलाच्या नावाने कारभार कोणी करायचा, यावरून मुधोजी आणि त्याचा भाऊ साबाजी यांच्यात जुंपली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगावला दोघे भाऊ समोरासमोर आले. मुधोजीचा हत्ती गराड्यात सापडला. लढाई जिंकलीच, अशा समजुतीने साबाजी पुढे आला आणि मुधोजीने स्वतःच्या हाताने पिस्तूल झाडून सख्ख्या भावाला ठार केले. त्या एका गोळीने नागपूरचे राज्य त्याच्या हाती आले. गादी मुलाची, 'सेनासाहेबसुभा' हा किताब मुलाचा. सत्ता मात्र बापाची.

असा हा पुरुष. शूर, सावध, आणि पुण्याविषयी मनात कायमची अढी. पेशव्यांनी भोसल्यांच्या भाऊबंदकीत कधी या भावाची तर कधी त्या भावाची बाजू घेतलेली. त्यामुळे पुणे दरबार आपले काही कमी केल्याशिवाय राहणार नाही, ही भीती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

ही अढी एका माणसाने दुरून बरोबर हेरली. तो म्हणजे कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. १७७७ च्या डिसेंबरात साताऱ्याचे छत्रपती रामराजे वारले. मुधोजी आडनावाने भोसला. "साताऱ्याच्या गादीवर तुम्ही हक्क सांगा, कंपनी पाठीशी राहील," असे गाजर हेस्टिंग्जने पुढे धरले. त्यासाठी अलेक्झांडर इलियट हा आपला विश्वासू माणूस त्याने नागपूरकडे धाडला. तो वाटेत सारंगढजवळ तापाने मेला, १७७८ च्या सप्टेंबरात. पुढे बंगालहून मुंबईकडे निघालेली इंग्रजी फौज घेऊन कर्नल गॉडर्ड नर्मदेकाठी होशंगाबादेस (आजचे नर्मदापुरम्) आला. त्यानेही नागपूरशी बोलणे लावले. मुधोजीने 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. साताऱ्याच्या गादीचा मोह त्याने आवरला, कारण त्या गादीखाली पुण्याची तोफ आहे, हे तो जाणून होता. परंतु त्याने गॉडर्डची वाटही अडवली नाही. ती फौज १७७९ च्या फेब्रुवारीत सुखरूप सुरतेस पोचली.

याच सुमारास, १७७९ च्या जानेवारीत, वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांना नाक घासायला लावले होते. नाना फडणीस स्वस्थ बसणारे नव्हते. इंग्रजांना एकट्यादुकट्याने नव्हे, चौफेर गाठायचे, असा बेत ठरला. पेशवे, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशी चौकडी जमली. मराठ्यांनी मुंबईकरांना धरायचे, हैदराने कर्नाटकात उतरून मद्रासवर जायचे, निजामाने उत्तर सरकार प्रांतात शिरायचे आणि भोसल्यांनी बंगालवर चालून जायचे. हिंदुस्थानच्या नकाशावर बोट ठेवून पाहा. कंपनीच्या तिन्ही ठाण्यांना एकाच वेळी धक्का देणारा असा डाव त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता. आणि या डावातले मर्माचे घर होते बंगालचे. मुंबई नि मद्रास लढत होत्या त्या बंगालच्या पैशावर. बंगालला हात लागला असता तर कंपनीच्या थैलीलाच हात लागला असता.

मुधोजीने मान डोलावली. १७७९ च्या दसऱ्याला त्याचा दुसरा मुलगा चिमणाजी, ज्याला खंडोजी असेही म्हणत, तीस हजार घोडेस्वारांनिशी नागपुराबाहेर पडला. वैनगंगा ओलांडायची, छत्तीसगडात उतरायचे, महानदीच्या खोऱ्याने कटक गाठायचे. सगळी वाट भोसल्यांच्याच अमलातली किंवा दबदब्यातली. छत्तीसगडात रतनपूरला मुधोजीचा भाऊ बिंबाजी बसलेला, कटकेत भोसल्यांचा सुभेदार राजाराम पंडित. अडवणारे कोणी नव्हते. तरी ही फौज कटकेस केव्हा पोचली? १७८० च्या मे महिन्यात! ज्या भोसल्यांची घोडी एकेकाळी एका मोसमात मुर्शिदाबादेपर्यंत धडकत, त्यांना स्वतःच्याच मुलखातून कटक गाठायला सात महिने लागले. मे महिन्यात पोचल्यावर पुढे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. पाऊस उभा राहिला. ब्राह्मणी, वैतरणी, सुवर्णरेखा या नद्या दुथडी भरल्या. स्वारी तहकूब!

हा आळस नव्हता, हा ठरवून केलेला उशीर होता. ही स्वारी केवळ पुणे दरबाराच्या समाधानासाठी आहे, आम्ही बंगालवर हात टाकणार नाही, असा निरोप मुधोजीने आधीच कलकत्त्याला पोचवला होता. मधले दुवे होते भोसल्यांचा दिवाण दिवाकरपंत आणि कलकत्त्यातला वकील बेनीराम पंडित. एका हाताने पुण्याला "स्वारी निघाली" म्हणून लिहायचे आणि दुसऱ्या हाताने कलकत्त्याला "काळजी नसावी" म्हणून लिहायचे, असा हा प्रकार. हेस्टिंग्जला आपल्या सरहद्दीवर येऊन बसलेल्या तीस हजार फौजेची भीती नव्हती असे नाही. पण त्या फौजेच्या मालकाचे मन त्याला ठाऊक होते.

आता तीस हजार घोडेस्वार बसून ठेवायचे म्हणजे खर्च आलाच. लूट नाही, खंडणी नाही, पगार थकलेला; शिपाई गुरगुरू लागले. चिमणाजीने फौजेला काम म्हणून ढेंकानाळच्या राजाशी लढाई लावली. ती लढाई ब्रजनाथ बडजेना नावाच्या कवीने 'समरतरंग' या ओडिया काव्यात वर्णिली आहे. इंग्रजांवर निघालेल्या मराठी फौजेचे वर्णन ओडिया साहित्यात शिल्लक राहिले ते एका लहानशा डोंगरी संस्थानावर तुटून पडणारी फौज म्हणून! साहित्याच्या अभ्यासकाला याहून बोचरे काय वाटावे?

शेवटी पैशासाठी हात पसरला गेला तो कोणापुढे? ज्यांच्यावर चालून जायचे, त्यांच्याचपुढे. हेस्टिंग्जने १७८० साली प्रथम तीन लाख रुपये गुपचूप पाठवले. त्या तीन लाखांचा उलगडा त्याला पुढे आपल्या धन्यांपुढे करावा लागला. मग १७८१ च्या आरंभी डेव्हिड अँडरसन कटकेकडे बोलणी करायला निघाला आणि एप्रिलमध्ये करार झाला. आणखी तेरा लाख रोख, शिवाय दहा लाखांचे कर्ज मिळवून देण्याचे आश्वासन; बदल्यात चिमणाजीने ओरिसातून परत फिरायचे आणि हैदराविरुद्ध जाणाऱ्या इंग्रजी फौजेला दोन हजार स्वारांची मदत द्यायची. म्हणजे मित्राच्या मदतीला निघालेल्या फौजेचा एक तुकडा मित्रावरच पाठवायचे कबूल झाले!

पण याहून मोठी मदत पैशाच्या हिशेबात दिसत नाही. १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरला हैदराने कर्नल बेलीची फौज धुळीस मिळवली होती. मद्रास हादरली होती. कुमक बंगालहून यायची होती आणि तिची खुष्कीची वाट होती भोसल्यांच्या ओरिसातून. १७८१ च्या जानेवारीत कर्नल पिअर्स सुमारे पाच हजार शिपाई घेऊन मिदनापूरहून निघाला आणि भोसल्यांच्या छावणीच्या डोळ्यांदेखत समुद्रकाठाने दक्षिणेकडे गेला. त्याला अडवले ते कोणा मराठ्याने नव्हे, महामारीने. मार्चमध्ये गंजामला त्याच्या फौजेत पटकीची साथ शिरली आणि माणसे पटापट पडली. तरीही ऑगस्टमध्ये ती फौज सर आयर कूटला जाऊन मिळाली आणि हैदरावर उलटलेल्या लढायांत उतरली. जे काम भोसल्यांच्या तीस हजार घोड्यांनी करायचे, ते दोन दिवस का होईना, एका रोगजंतूने केले, असे म्हणण्याची वेळ आली.

त्याच १७८१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे चिमणाजीचा करार होत होता त्याच महिन्यात, इकडे हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर बोरघाटाखाली गॉडर्डच्या माघार घेणाऱ्या फौजेला झोडपून काढीत होते. एका घाटात मराठी रक्त सांडत होते, दुसऱ्या किनाऱ्यावर मराठी फौजेची किंमत ठरत होती.

आणखी एक प्रसंग. १७८१ च्या ऑगस्टात बनारसचा राजा चेतसिंग याच्या माणसांनी उठाव केला आणि हेस्टिंग्जला रातोरात चुनारला पळून जावे लागले. जवळ पैसा नाही, शिपायांचा पगार थकलेला. अशा वेळी "बनारसच्या सावकाराकडे माझे लाख रुपये आहेत, ते घ्या," म्हणून पुढे आला तो बेनीराम पंडित, नागपूरकर भोसल्यांचा वकील! हेस्टिंग्जने ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे त्याला जहागीर दिली. धन्याचा कल जिकडे, तिकडे वकिलाचा पाय, यात नवल ते काय?

मुधोजीच्या बाजूने काही बोलता येणार नाही काय? येईल, आणि बोलले पाहिजे. चौकडीतला निजाम तरी कुठे लढला? इंग्रजांनी गुंटूर परत देताच तो थंड झाला. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजी शिंद्यांनीही इंग्रजांशी वेगळा तह केला. मुधोजीला वाटे, पुण्याचा जोर वाढला की उद्या माझीच पाळी. हैदर हा काही कोणाचा सोयरा नव्हता. आणि 'राष्ट्र' ही कल्पना त्या काळी आजच्या अर्थाने नव्हतीच. निष्ठा असे ती घराण्याशी, वतनाशी, धन्याशी. चीनचा क्वो रूग्वे एका विचारासाठी फितूर झाला होता. पूर्वी एकदा त्या पक्षात शिरला होता, आणि जिंकलेल्यांनीदेखील त्याला पुन्हा पुरते आपले म्हणायला १९८० साल उजाडू दिले. मुधोजीच्या डोक्यात असला कोणताच विचार नव्हता. त्याला आपले घर राखायचे होते, एवढेच.

मग त्याच मापाने त्याला मोजू. घर राखले गेले काय? पुरते हिशेब मांडू. बंगालची चौथ होती साल बारा लाख. १७६५ साली कंपनीने बंगालची दिवाणी घेतली तेव्हापासून ही चौथ भोसल्यांना मिळाली नाही. १७८० पर्यंत पंधरा वर्षांची थकबाकी होते एक कोटी ऐंशी लाख. ती वसूल करायला तीस हजार घोडे दारात उभे असताना मुधोजीने घेतले किती? तीन आणि तेरा, सोळा लाख. जेमतेम सव्वा वर्षाची चौथ! बनियाच्या दुकानातदेखील असला सौदा कोणी करणार नाही.

१७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला आणि हे युद्ध मिटले. मुधोजी १७८५ साली पुण्यास गेला, तिथे गोडीगुलाबी झाली. पुण्याविरुद्ध इंग्रजांना मदत करणार नाही असे त्याने कबूल केले, आणि पुण्याला सत्तावीस लाख देण्याच्या बोलीवर मंडला व नर्मदेच्या वरच्या अंगाचा मुलूख मिळवला. १७८६ साली टिपूवरच्या मोहिमेत बदामीच्या वेढ्यालाही तो हजर होता. १७८८ साली तो मेला तेव्हा नागपूरचे राज्य पूर्वीपेक्षा मोठे होते. वरवर पाहता सगळे डाव त्याने जिंकले होते.

परंतु इतिहासाची देणी बापाच्या हयातीत फिटली नाहीत तर मुलाच्या दारात येतात. १७८० साली ज्या इंग्रजांना मुधोजीने वाचवले, तेच १८०३ साली त्याच्या मुलावर, दुसऱ्या रघूजीवर, चालून आले. ऑक्टोबरात कटक गेले, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई हरली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने ओरिसा आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड कायमचा हातचा गेला. ज्या समुद्रकाठच्या वाटेने पिअर्सला जाऊ दिले, तो काठच गेला. १८१६ साली रघूजी वारल्यावर मुधोजीचा नातू, आप्पासाहेब, यानेही कंपनीशी गुपचूप तैनाती फौजेचा करार केला. दीड वर्षात त्याला पश्चात्ताप झाला, १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीवर तो लढला आणि हरला. पुढच्या साली आमच्याच भागातल्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. त्याच्याजवळ मूठभर माणसे आणि मातीची गढी होती. चिमणाजी भोसल्याजवळ तीस हजार स्वार होते. नावे किती सारखी, आणि मने किती निराळी! १८५४ साली तर राज्यच खालसा झाले.

तेव्हा त्या मुलीला मी जे उत्तर दिले, ते इथेही देतो. मुधोजी भोसला आपला होता. तो त्यांचा कधीच नव्हता; त्यांनी त्याला फक्त वापरले. तो आपला होता म्हणूनच त्याचा हिशेब आपण मांडायचा, दुसऱ्या कोणी मांडेपर्यंत थांबायचे नाही. आपल्या माणसाचे गुण सांगणे सोपे, त्याची चूक झाकणे त्याहून सोपे. पण झाकलेली चूक पुढच्या पिढीला वारसा म्हणून मिळते आणि मग ती तिला शहाणपण समजू लागते.

मुधोजीसारखी माणसे काही राजवाड्यांतच असतात असे नाही. भावाशी अबोला धरून शेजाऱ्याच्या वकिलाला घरचे कागद दाखवणारे, संस्थेच्या सभेत हात वर करून बाहेर दुसऱ्याला डोळा मारणारे आपण रोज पाहतो. त्यांतल्या कोणालाही विचारा, तो सांगेल, "मी काही वावगे केले नाही, मी फक्त थोडा उशीर केला." वाचकहो, नागपुराहून कटकेला पोचायला लागलेले ते सात महिने ध्यानात ठेवा. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा पिसाळ चटकन ओळखू येतो. घोड्यावर बसून, निशाण फडकावून, मुद्दाम सावकाश चालणारा ओळखायला शंभर वर्षे लागतात.